टोटल लॉस: गाडीची किंमत कोण, कधी आणि कशी ठरवतो?

हायवेलगतच्या मोठ्या वर्कशॉपमध्ये मागच्या अंगाला एक आवार असते. दुरुस्त होणार की भंगारात जाणार, हे ठरायचे बाकी असलेल्या गाड्या तिथे उभ्या असतात. साताऱ्याजवळच्या अशा एका आवारात एक पांढरी हॅचबॅक पाहिली होती. बॉनेट आत दबलेले, दोन्ही एअरबॅग फुटून लोंबणाऱ्या, आणि मागच्या सीटवर काचेच्या चुऱ्याखाली तपासायच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. विमा कंपनीने पाठवलेल्या सर्व्हेअरने चॅसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासली, उठलेली छाप आरसीशी ताडून पाहिली, मग वाकून पुढच्या चॅसिसला किती पीळ बसला आहे ते टॉर्चच्या उजेडात बघितले. गाडीचे मालक माध्यमिक शाळेत शिक्षक. ते शेजारी उभे होते. त्यांनी एकच विचारले, "साहेब, टोटल बसेल का?" सर्व्हेअर म्हणाला, "सर, गाडी खोलल्याशिवाय नाही सांगता येणार."

त्या प्रश्नामागे एक मोठा विषय आहे. टोटल लॉस म्हणजे नेमके काय, गाडीची किंमत कोणत्या दिवशीची धरायची, पंचाहत्तर टक्क्यांचा हिशेब कशावर करायचा, मोडक्या गाडीचा मालक कोण आणि कर्ज शिल्लक असेल तर हाती काय येते, या प्रश्नांवर विमा कंपन्या, ग्राहक, सर्व्हेअर आणि न्यायालये गेली वीस-बावीस वर्षे आपापली बाजू मांडत आली आहेत. यातले काही प्रश्न सुटले आहेत, काही अजून लोंबकळत आहेत. त्यांचा हा आढावा.

२००२ पूर्वी आणि नंतर

जुन्या पद्धतीत पॉलिसीवर मालकाने अंदाजे सांगितलेली किंमत लिहिली जाई. हप्ता त्या किमतीवर आकारला जाई. गाडी पूर्ण गेली की मात्र कंपनी अपघाताच्या दिवशीचा बाजारभाव काढायला बसे. पॉलिसीवर तीन लाख आणि हाती दोन लाख, असा अनुभव सर्रास येई, आणि भांडण हटकून याच मुद्द्यावर होई. हप्ता तीन लाखांवर घेतला तर भरपाई दोन लाखांवर का, हा ग्राहकाचा सवाल होता. विमा नुकसान भरून देण्यासाठी असतो, त्यातून नफा होता कामा नये, हे कंपन्यांचे उत्तर होते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते.

१ जुलै २००२ पासून लागू झालेल्या इंडिया मोटर टॅरिफने या वादाला उत्तर दिले. त्यात आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी जाहीर केलेली किंमत, ही कल्पना आली. कारखानदाराने जाहीर केलेल्या विक्री किमतीतून गाडीच्या वयानुसार घसारा वजा करायचा. सहा महिन्यांच्या आत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५०. राहिलेला आकडा पॉलिसीच्या पूर्ण मुदतीत गाडीचा बाजारभाव मानायचा आणि टोटल लॉसच्या वेळी त्यातून आणखी घसारा कापायचा नाही. १ जानेवारी २००७ पासून हप्त्याचे दर खुले झाले, तरी हे शब्द आणि हे कोष्टक बहुतेक पॉलिसींत तसेच चालत आले.

सर्वोच्च न्यायालयाने २००८मध्ये धर्मेंद्र गोयल विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या प्रकरणात हीच दिशा पक्की केली. स्वतः मान्य केलेल्या किमतीवर हप्ता घेतल्यावर दाव्याच्या वेळी मनाला येईल तेवढी कमी किंमत लावण्याची मुभा कंपनीला नाही, असा त्या निकालाचा सूर आहे. पाच वर्षांच्या आतल्या गाडीपुरता हा प्रश्न बऱ्यापैकी मिटला आहे, असे म्हणायला हरकत नाही.

पाच वर्षांपुढच्या गाडीसाठी मात्र कोष्टक नाही. तिथे आयडीव्ही कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते, एवढेच टॅरिफ सांगते. प्रत्यक्षात ही संमती मोबाइलच्या पडद्यावर घेतली जाते. नूतनीकरणाच्या वेळी आयडीव्ही पुढे-मागे सरकवण्याची पट्टी दिसते. ती खाली ओढली की हप्ता उतरतो आणि आपण ती ओढतो. जुन्या टॅरिफनुसार मुंबई-पुण्यासारख्या अ विभागात, पाच वर्षांच्या आतल्या १००० ते १५०० सीसीच्या गाडीला मूळ दर आयडीव्हीच्या ३.२८३ टक्के होता. त्या दराने एक लाखाची आयडीव्ही कमी केली तर ३,२८३ रुपये वाचतात. पन्नास टक्के नो क्लेम बोनस असेल तर बचत सोळाशेच्या आसपास, आणि वर कंपनीची सूट असेल तर त्याहूनही कमी. या हजार-दीड हजारांपायी टोटल लॉसच्या वेळी एक लाख रुपये सोडून दिलेले असतात. माझ्या मते या साऱ्या विषयातला सर्वांत महागडा निर्णय हाच आहे, आणि आपण तो अपघाताच्या कितीतरी महिने आधी, चहा पिता पिता घेतलेला असतो.

पंचाहत्तर टक्के, पण कशाचे?

गाडी पूर्ण जळाली किंवा चोरीला जाऊन सापडलीच नाही, तर टोटल लॉसबद्दल वाद नसतो. वाद होतो तो दुसऱ्या प्रकारात. गाडी दुरुस्त होऊ शकते, पण खर्च इतका की दुरुस्तीत अर्थ नाही. याला रचनात्मक टोटल लॉस म्हणतात, आणि त्याची रेघ आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर आखलेली आहे. गाडी आणण्याचा आणि दुरुस्तीचा एकूण खर्च, पॉलिसीच्या अटी-शर्तींना अधीन राहून, आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त झाला तर गाडी टोटल मानायची.

"अटी-शर्तींना अधीन राहून" एवढ्याच शब्दांचे दोन अर्थ लावले जातात. आकडे घेऊन पाहू. एका गाडीची जाहीर किंमत ८ लाख आणि वय दोन ते तीन वर्षांच्या मधले, म्हणजे आयडीव्ही ५,६०,०००. ७५ टक्क्यांची रेघ ४,२०,००० वर. वर्कशॉपचे एस्टिमेट आले ४,९०,०००. त्यात मजुरी ९०,०००, काचा ४०,०००, पत्रा आणि इतर धातूचे भाग २,००,०००, आणि प्लॅस्टिक, रबर, एअरबॅग मिळून १,६०,०००.

मालक म्हणतो, दुरुस्तीला ४,९०,००० लागणार, रेघ ओलांडली, गाडी टोटल झाली.

कंपनी म्हणते, पॉलिसीच्या अटींत सुट्या भागांचा घसारा येतो. प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरी आणि एअरबॅगवर ५० टक्के, तिसऱ्या वर्षातल्या धातूच्या भागांवर १५ टक्के, काचेवर शून्य. या हिशेबाने प्लॅस्टिकचे ८०,०००, धातूचे १,७०,०००, काचेचे ४०,००० आणि मजुरी ९०,०००, मिळून ३,८०,०००. हा आकडा आयडीव्हीच्या जेमतेम ६८ टक्के. म्हणून गाडी दुरुस्तीत बसते. उरलेले १,१०,००० आणि सक्तीच्या वजावटीचे १,००० रुपये मालकाने भरायचे.

गाडी तीच आणि एस्टिमेटही तेच असताना एका वाचनात मालकाला ५,५९,००० मिळतात आणि दुसऱ्यात त्याच्याच खिशातून १,११,००० जातात. सक्तीची वजावट टोटल लॉसलाही लागू असते, म्हणून तो एक हजार दोन्हीकडे धरला आहे.

कंपनीच्या बाजूचे म्हणणे नीट समजून घेतले पाहिजे. कंपनीला दुरुस्तीत जेवढे द्यावे लागणार, तेवढ्याच रकमेची आयडीव्हीशी तुलना करणे हा तिच्या दृष्टीने करार पाळण्याचा भाग आहे. घसारा हा करारातच लिहिलेला आहे आणि हप्ताही तो गृहीत धरून ठरलेला आहे. ग्राहकाच्या बाजूने म्हणणे असे, की टोटल लॉसची कल्पनाच मुळी दुरुस्ती परवडते का या प्रश्नातून आली, आणि वर्कशॉप बिल लावते ते पूर्ण रकमेचे. शिवाय गाडी जितकी जुनी तितका घसारा जास्त, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला धातूवर ४० टक्के. त्यामुळे कंपनीच्या वाचनात जुनी गाडी टोटलच्या रेघेपर्यंत पोहोचणेच अवघड होते. दुरुस्तीचा बोजा सर्वांत कमी झेपतो तो जुन्या गाडीच्या मालकाला, आणि त्याच्याच वाट्याला तो सर्वांत जास्त येतो.

झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचे जोडकलम घेतलेले असेल तर हा वाद बराचसा विरून जातो. वरच्या उदाहरणात कंपनीचे देणेच जवळजवळ पूर्ण ४,९०,००० होते आणि दोन्ही वाचनांत गाडी टोटल बसते. पण झिरो डेप सहसा नव्या गाड्यांनाच सहज मिळते. म्हणजे वाद पुन्हा जुन्या गाड्यांपाशीच येऊन थांबतो. आयडीव्हीच्या व्याख्येसारखे एखादे स्पष्ट वाक्य विमा नियामकाने या ७५ टक्क्यांबाबत लिहिले, तर निम्मी प्रकरणे दारातच संपतील असे मला वाटते.

एक उलटी तक्रारही ऐकू येते. मालकाला गाडी दुरुस्त करून हवी असते, आणि कंपनी म्हणते टोटल. वडिलांनी घेतलेली गाडी किंवा आता बंद झालेले मॉडेल असले की असे होते. इथे सोडवणूक पैशाने होत नाही. कंपनीचे देणे आयडीव्हीपर्यंत मर्यादित असते, त्यापलीकडची दुरुस्ती स्वतःच्या खर्चाने करायची, एवढाच मार्ग उरतो.

सर्व्हेअरचा शब्द किती शेवटचा

मोटार दाव्यात नुकसान पन्नास हजारांच्या वर गेले की परवानाधारक सर्व्हेअरची पाहणी बंधनकारक होते. टोटलचा निर्णय बहुतेक वेळा त्याच्या अहवालावर होतो. सर्व्हेअर कंपनी नेमते आणि त्याची फी कंपनीच देते, त्यामुळे ग्राहकाला तो समोरच्या पक्षाचा माणूस वाटतो. सर्व्हेअरांचे म्हणणे वेगळे. परवाना विमा नियामकाचा आहे, आचारसंहिता आहे, आणि वर्कशॉपच्या फुगवलेल्या एस्टिमेटला कात्री लावणारा कुणीतरी असलाच पाहिजे. वर्कशॉपलाही आपला हिशेब असतो. दुरुस्तीत त्याला सुटे भाग आणि मजुरी मिळते, टोटलमध्ये फार तर गाडी उभी ठेवण्याचे भाडे. त्यामुळे एस्टिमेट फुगते तसे कधी आखडतेही. सुरुवातीचे एस्टिमेट बाहेरून पाहून केलेले असते. इंजिन, गिअरबॉक्स आणि वायरिंगचे खरे नुकसान खोलल्यावर कळते. "खोलल्याशिवाय सांगता येणार नाही" हे सर्व्हेअरचे वाक्य त्यामुळे टाळाटाळ नसते.

न्यायालयांनी या बाबतीत मधली वाट धरली आहे. न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स विरुद्ध प्रदीप कुमार (२००९) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सर्व्हेअरचा अहवाल महत्त्वाचा असला तरी तो अखेरचा शब्द नव्हे, त्यापासून फारकत घेता येते. त्याच वर्षीच्या श्री वेंकटेश्वर सिंडिकेट प्रकरणात दुसरी बाजू स्पष्ट झाली. मनासारखा अहवाल येईपर्यंत कंपनीने एकामागून एक सर्व्हेअर नेमत राहायचे नाही.

वेळेची शिस्त अलीकडे घट्ट झाली आहे. जून २०२४च्या नियामकाच्या मुख्य परिपत्रकानुसार सर्व्हेअर २४ तासांत नेमायचा, त्याचा अहवाल १५ दिवसांत यायला हवा आणि अहवाल मिळाल्यावर कंपनीने ७ दिवसांत निर्णय द्यायचा. कागदावर हे चांगले आहे. वर्कशॉपमध्ये मात्र गाडी खोलायची कोणी, खोलण्याची मजुरी कोणाची आणि टोटल ठरेपर्यंतचे पार्किंग भाडे कोणाच्या माथी, यावर दिवस जातात. काही वर्कशॉप टोटल झालेल्या गाडीवर एस्टिमेटच्या टक्केवारीत आकार लावतात. तो किती रास्त, हा प्रश्न नियमांच्या कडेला पडून आहे.

मोडकी गाडी कोणाची

टोटल ठरल्यावर जे उरते त्याला धंद्यात साल्व्हेज म्हणतात. दावा निकाली काढण्याचे दोन मार्ग चालत आले आहेत. पहिल्यात कंपनी पूर्ण आयडीव्ही देते आणि मोडकी गाडी स्वतःकडे घेते. दुसऱ्यात साल्व्हेजची बोली लावतात, ती रक्कम आयडीव्हीतून वजा करतात आणि गाडी मालकाकडे राहते. वरच्याच गाडीची बोली दीड लाखाची आली असे समजा. पहिल्या मार्गाने मालकाला ५,५९,००० मिळतात. दुसऱ्याने कंपनीकडून ४,०९,००० आणि भंगारवाल्याकडून दीड लाख. बेरीज तीच, पण भंगारवाला ऐन वेळी मागे हटला किंवा भाव पाडू लागला तर जोखीम मालकाची. वर्षानुवर्षे ही जोखीम गुपचूप ग्राहकाकडे सरकवली गेली, ही तक्रार जुनी आहे. २०२४च्या परिपत्रकाने साल्व्हेज गोळा करण्याची जबाबदारी कंपनीची ठरवून ग्राहकाला त्यातून मोकळे केले आहे. स्वतःहून गाडी ठेवून घ्यायची असेल तर गोष्ट निराळी.

साल्व्हेजच्या व्यवहारात पैशाहून मोठी गोष्ट आरसी आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत, किंवा शक्य तितक्या लवकर, आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते. पण रचनात्मक टोटल लॉसची गाडी निकामी असतेच असे नाही. साल्व्हेज घेणारे ती दुरुस्त करून विकतात आणि त्यांना चालू आरसी हवी असते, कारण आरसीसकट बोली जास्त येते. इथे दोन मते आहेत. टोटल झालेल्या प्रत्येक गाडीची नोंदणी रद्द व्हावी, असे एक मत आहे. टोटल गाडीची कागदपत्रे आणि चॅसिस नंबर चोरीच्या गाडीवर चढवणाऱ्या टोळ्या पोलिसांनी पकडलेल्या आहेत, हा त्याचा आधार. दुसरे मत असे, की दुरुस्त होऊन सुरक्षितपणे चालू शकणारी गाडी मोडीत काढणे ही नासाडी आहे, आणि नोंदणी रद्द झाल्याने साल्व्हेजचा भाव पडून शेवटी हप्तेच वाढतील.

ब्रिटनने यावर वर्गवारीचा तोडगा काढला. ऑक्टोबर २०१७ पासून तिथे टोटल गाड्या ए, बी, एस आणि एन अशा चार वर्गांत नोंदल्या जातात. पहिल्या दोन वर्गांतल्या गाड्या रस्त्यावर परत येऊच शकत नाहीत. एस म्हणजे सांगाड्याला इजा, एन म्हणजे सांगाडा शाबूत. अमेरिकेत बहुतेक राज्यांत अशा गाडीच्या मालकीपत्रावरच साल्व्हेजचा शिक्का बसतो. आपल्याकडे जुनी गाडी घेणाऱ्याला आरसी पाहून ती कधी टोटल झाली होती का, हे कळत नाही. या एका बाबतीत आपण मागे आहोत, आणि हे काम अवघड नाही.

मालकासाठी आणखी एक निकाल ध्यानात ठेवण्याजोगा आहे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार (२०१८) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, मग गाडी कितीही हातांतून फिरलेली असो. टोटल झालेली गाडी आरसी न बदलता गेली आणि उद्या तिच्या धडकेने कोणी जखमी झाला, तर नोटीस पहिल्या मालकाच्या दारी येते.

हाती नेमके काय पडते

गाडी कर्जावर असेल तर भरपाईवर पहिला हक्क बँकेचा. ५,५९,००० पैकी पाच लाख कर्ज बाकी असेल तर मालकाला ५९,००० मिळतात. सहा लाख बाकी असेल तर गाडीही नाही आणि वर ४१,००० भरायचे. पूर्ण रकमेचे आणि सात वर्षांच्या मुदतीचे कर्ज काढण्याची चाल वाढल्यापासून सुरुवातीच्या वर्षांत हे हमखास घडते, कारण आयडीव्ही कर्जापेक्षा वेगाने उतरते.

दुसरे खिंडार ऑन-रोड किमतीचे. आयडीव्ही शोरूमच्या किमतीवर निघते. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या खाजगी पेट्रोल गाडीला ११ टक्के एकरकमी कर लागतो, म्हणजे आठ लाखांच्या गाडीला ८८,०००, आणि तो आयडीव्हीत येत नाही. रिटर्न टू इन्व्हॉइस हे जोडकलम हे खिंडार बुजवण्यासाठी आहे. साधारणपणे पहिल्या तीन वर्षांत मिळते, काही कंपन्या पाचपर्यंत देतात, आणि ते फक्त टोटल लॉस किंवा चोरीलाच लागू पडते. पण त्याची भाषा कंपनीगणिक वेगळी असते. कोणी मूळ बिलाची रक्कम देते, तर कोणी मूळ बिल आणि आजची किंमत यांतली कमी असेल ती. २२ सप्टेंबर २०२५ला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि हा बारीक फरक एकदम मोठा झाला. त्याआधी गाडी घेतलेल्यांचे बिल जास्त आहे आणि आजची किंमत कमी. चालू पॉलिसीतली आयडीव्ही मुदत संपेपर्यंत कायम राहते, हे स्पष्ट आहे. इन्व्हॉइसच्या जोडकलमाचे काय, हे मात्र प्रत्येकाने आपली पॉलिसी काढून वाचायला हवे.

आणखी दोन रकमा हटकून विसरल्या जातात. नव्या गाडीसोबत घेतलेला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा टोटल लॉसनंतर रद्द करून उरलेल्या मुदतीचा हप्ता मागता येतो. अपघातात चालक-मालकाचा मृत्यू झाला असेल तर पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण वेगळे असते. गाडीच्या भरपाईसाठी महिनोन्‌महिने हेलपाटे घालणाऱ्या कुटुंबाला या दुसऱ्या दाव्याची कल्पनाच नसते, याहून वाईट काय असेल.

पाणी आणि बॅटरी

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईतल्या गाड्या रस्त्यावरच बुडाल्या. ऑगस्ट २०१९ला सांगली-कोल्हापुरात, २२ जुलै २०२१ला चिपळुणात तेच घडले. पूर हा पॉलिसीत धरलेला धोका आहे, त्यावर वाद नाही. वाद आहे तो बुडालेली गाडी मालकाने चालू करून पाहिली आणि इंजिनात पाणी जाऊन ते जॅम झाले, त्यावर. कंपन्या याला पुराचा थेट परिणाम न मानता मागाहून झालेले नुकसान मानतात आणि इंजिनाचा खर्च वगळतात. ग्राहकांच्या बाजूने सांगितले जाते, की भर पाण्यात अडकलेला माणूस गाडी बाहेर काढायचा प्रयत्न करणारच, त्याला निष्काळजीपणा कसा म्हणायचे? ग्राहक आयोगांचे निकाल दोन्ही बाजूंनी गेले आहेत. इंजिनाचा खर्च धरला तर गाडी टोटल आणि वगळला तर दुरुस्तीत, इतका फरक त्याने पडतो. इंजिन प्रोटेक्ट जोडकलम त्यासाठीच आले.

विजेवरच्या गाड्यांनी जुन्या टॅरिफपुढे नवा पेच टाकला आहे. बॅटरीवर ५० टक्के घसारा हा नियम लिहिला गेला तेव्हा बॅटरी म्हणजे काही हजारांची लेड-अ‍ॅसिड पेटी होती. आज बॅटरी पॅक गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा असतो आणि तो गाडीच्या पोटाखाली असतो. दगडावर आपटून पॅकला तडा गेला तर बाहेरून धडधाकट दिसणारी गाडी टोटलच्या रेघेजवळ जाते. तोच जुना घसारा या पॅकला लावायचा का, पॅकचा एखादा भाग दुरुस्त करता येतो की पूर्ण बदलायचा, आणि काढलेल्या पॅकचे साल्व्हेज मूल्य किती, यावर अजून एकमत नाही.

दाद कुठे मागायची

परदेशातल्या मराठी नातेवाइकाशी तुलना करून पाहिली तर आपली जागा नीट कळते. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात अपघाताआधीच्या क्षणीची प्रत्यक्ष किंमत काढतात, तशाच गाड्यांचे भाव पुढे करून मालक घासाघीस करू शकतो, आणि टोटलची रेघ राज्यागणिक बदलते. फ्लोरिडात ८० टक्के, टेक्सासात १००. आपल्याकडे किंमत आधी ठरलेली असते, त्यामुळे घासाघिशीला जागा कमी आणि निश्चितपणा जास्त. घासाघीस होते ती दुरुस्तीच्या आकड्यावर.

त्या आकड्यावर असमाधान असेल तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करायची. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जायचे. मुंबई आणि पुणे इथे त्यांची कार्यालये आहेत, फी नाही, वकील लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतचे दावे चालतात आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. दुसरा रस्ता जिल्हा ग्राहक आयोगाचा. २०१९च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची. एकाच वेळी दोन्ही दारे ठोठावता येत नाहीत.

"पूर्ण आणि अंतिम भरपाई मिळाली" असे लिहिलेल्या पावतीवर सही झाली की सगळे संपले, असे अनेकांना सांगितले जाते. युनायटेड इंडिया विरुद्ध अजमेर सिंग कॉटन (१९९९) या निकालानुसार ती सही फसवून, दडपण आणून किंवा अडवणूक करून घेतली असेल तर तक्रारीचा मार्ग बंद होत नाही. पण तसे सिद्ध करण्याचे ओझे सही करणाऱ्यावर येते. म्हणून सही करण्याआधी सर्व्हे अहवालाची प्रत लेखी मागा, घसाऱ्याचा ओळवार हिशेब पाहा, आणि रक्कम मान्य नसेल तर सहीशेजारी "हरकतीसह स्वीकारली" एवढे शब्द लिहा.

साताऱ्याजवळची ती हॅचबॅक खोलल्यावर चॅसिसचा पीळ आत इंजिनाच्या माउंटिंगपर्यंत गेलेला निघाला. सरांकडे झिरो डेप होते, गाडी टोटल बसली. बँकेचे कर्ज फिटले आणि उरलेले पैसे खात्यात आले. गाडी कोण घेऊन गेले, हे त्यांना कोणी सांगितले नाही, आणि आरसी कित्येक महिने त्यांच्याच नावावर राहिली. शेवटी त्यांनी गाडी ताब्यात दिल्याची पावती कंपनीकडून मागून घेतली, ती जोडून आरटीओला लेखी कळवले आणि पोच घेऊन ठेवली.